ईशान्येचा वारा

मे महिना लागला की न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मेमध्ये, माणसं एकमेकांना भेटल्यावर आधी वाऱ्याची चौकशी करतात. सगळ्यांना नैर्ऋत्येचा वारा हवा असतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढून उत्तरेकडे निघालेले छोटे पक्षी रात्री उडतात. पाठीशी उबदार वारा असला तर एका रात्रीत शेकडो किलोमीटर मागे टाकतात आणि पहाटे जिथे हिरवं दिसेल तिथे उतरतात. अशा सकाळी ओकच्या कोवळ्या पालवीत इतकी हालचाल असते की दुर्बीण कुठे रोखावी ते कळत नाही. वारा ईशान्येचा असला तर मात्र सगळंच उलटं. मेच्या मध्यालाही इथलं अटलांटिकचं पाणी गार असतं. त्यावरून येणारा वारा धुकं आणि बारीक पाऊस घेऊन येतो, आणि पक्षी तिकडे मेरिलँड-व्हर्जिनियातच अडून बसतात.

त्या शनिवारी ईशान्येचाच वारा होता. आठवडाभर अंदाज तेच सांगत होते आणि तो शनिवार पुढे ढकलण्याची सोय नव्हती. वर्ल्ड सीरीज ऑफ बर्डिंगचा दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेला असतो. मध्यरात्री बारापासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत, चोवीस तासांत, प्रत्येक टीमने जितक्या जातींचे पक्षी पाहता किंवा ऐकता येतील तितके नोंदवायचे. कुणी सगळं राज्य पालथं घालतं, कुणी आमच्यासारखं एकाच काउंटीत राहतं. आप्तमित्र दर पक्ष्यामागे काही पैसे देण्याचं कबूल करतात आणि तो निधी पक्ष्यांच्या अधिवासांसाठी जातो. माझ्या एडिसनच्या मैत्रिणींनी कधी वॉर्बलर पाहिलेला नाही, पण दर पक्ष्यामागे डॉलर द्यायला त्या तयार होत्या.

पीट डन यांनी न्यू जर्सी ऑड्युबॉन या संस्थेच्या वतीने १९८४ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. त्या पहिल्या वर्षी जिंकलेल्या टीमने २०१ जाती नोंदवल्या होत्या. मला त्या आकड्यापेक्षा त्या टीममधली माणसं जास्त आठवतात. त्यात रॉजर टोरी पीटरसन होते, वय ७५. पक्षी ओळखायचे कसे हे ज्यांच्या १९३४ सालच्या पुस्तकातून अमेरिका शिकली, ते पीटरसन. आणि त्याच टीममध्ये डेव्हिड सिब्ली होता, विशीतला मुलगा, ज्याचं स्वतःचं पुस्तक यायला २००० साल उजाडायचं होतं. अर्ध्या शतकाहून अधिक अंतर असलेली ही दोन माणसं मध्यरात्रीपासून एकाच यादीसाठी जागत होती. एकाने दुसऱ्याला काय काय दाखवलं असेल याचा विचार मी अनेकदा करते.

आमच्या टीममध्येही वयाचं असंच अंतर आहे. काका मूळचे पुण्याचे. औषधांच्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले, आता सत्तरीच्या पुढे आहेत. सिंहगडाच्या पायथ्याशी आणि पाषाणच्या तळ्यावर पक्षी पाहायला शिकलेले, आणि चाळीस वर्षं या देशात काढूनही पहाटे बाहेर पडताना खिशात आल्याच्या वड्या ठेवणारे. दुसरी, इथल्याच काउंटीतल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. गाडी ती चालवते आणि भरती-ओहोटीची वेळापत्रकं तिला तोंडपाठ असतात. तिसरी एक कॉलेजात शिकणारी अमेरिकन मुलगी, जिचे कान म्हणजे आमच्या टीमची अर्धी ताकद. आणि चौथी मी. माझं बघून ती मुलगीही काकांना ‘काका’च म्हणते. ते कोणाचं नाव नसून नातं आहे, हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तर बरंच आहे.

या प्रकाराचा जो नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो तो थोडा सविस्तर सांगते. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या ‘बिग डे’च्या नियमांनुसार टीममधल्या सगळ्यांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहायचं असतं, आणि यादीतल्या किमान ९५ टक्के जाती टीममधल्या प्रत्येकाने स्वतः पाहून किंवा ऐकून ओळखलेल्या असाव्या लागतात. म्हणजे एकाने पाहिला आणि बाकीच्यांनी मान डोलावली, असं चालत नाही. एरवी पक्षी पाहणं ही एकट्याची गोष्ट असते. दुर्बिणीच्या वर्तुळात तुम्ही आणि तो, तिसरं कोणी नाही. या नियमामुळे ते एकटेपण संपतं. पक्षी दिसला की त्याच क्षणी दुसरं काम सुरू होतं, तो उरलेल्या तिघांना दाखवायचं. आणि दाखवणं हे पाहण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. उत्तम डोळे असलेली, पण ‘तो बघ, तो बघ’ याच्यापुढे एक शब्द न सुचणारी माणसं मी पाहिली आहेत. चांगल्या हवेत हे खपून जातं, कारण पक्षी भरपूर असतात आणि निवांत गात बसलेले असतात. खराब हवेत पक्षी पाच सेकंद दिसतो आणि पुन्हा दिसत नाही.

मध्यरात्री आम्ही जेक्स लँडिंग रोडच्या टोकाला उभे होतो. पाइनचं जंगल जिथे संपतं आणि खारट दलदल सुरू होते, तिथे हा रस्ता येऊन थांबतो. शांत रात्री इथे उभं राहिलं की पाठीमागच्या जंगलातून रातव्याच्या कुळातले चक-विल्स-विडो आणि व्हिप-पुअर-विल स्वतःचीच नावं अथक उच्चारत असतात, आणि समोरच्या गवतातून क्लॅपर रेल टकटक करत असतात. त्या रात्री फक्त वारा ऐकू येत होता. टोपीच्या कडांवर, जॅकेटच्या बाह्यांवर, कानात. दलदलीतलं गवत एका दिशेला झोपलं होतं.

वाऱ्यात ऐकायचं कसं, हे मला काकांनी शिकवलं आहे. वाऱ्याला पाठ द्यायची, दोन्ही तळहात कानांमागे धरायचे आणि वारा पडायची वाट पाहायची. वारा एकसारखा वाहत नाही. मधेच दोन-तीन सेकंद सैल पडतो आणि जे काही मिळायचं ते त्या फटीतच मिळतं. मुलीने एकदा जंगलाच्या दिशेने हात केला. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती बोलली नाही, हात मात्र तसाच धरून राहिली, कारण पुढच्या फटीत कान कुठे लावायचा हे आम्हाला कळायला हवं होतं. बऱ्याच वेळाने वारा पडला आणि दूरवरून चक-विल्स-विडोची ती चार अक्षरी हाक आली. चौघांनीही ऐकली. बाईने विजेरीच्या लाल उजेडात यादीवर पहिली खूण केली.

पहाटे बेलप्लेनच्या जंगलात वारा जरा कमी होता, पण पाऊस सुरू झाला. प्रोथोनोटरी वॉर्बलरचा तो हळदी पिवळा रंग काळ्या पाण्यावर झुकलेल्या फांदीवर लख्ख दिसला. बाकी तिथे फारसं रेंगाळण्यासारखं नव्हतं.

खरी कसोटी होती ती हिग्बी बीचवर. नाव बीच असलं तरी पक्षी पाहायचे ते मागच्या शेतांच्या आणि झाडीच्या कडांवर. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इथे पहाटे पक्ष्यांचा पाऊस पडतो. आम्ही पोहोचलो तेव्हा पहिल्या शेताच्या कडेला एक कॅटबर्ड तेवढा ओरडत होता. आमच्या आधी आलेली एक टीम परत निघाली होती. काकांनी मात्र शेताकडे पाहिलंच नाही. ते चालत झाडीच्या पलीकडे, नैर्ऋत्य बाजूला गेले. तिथे सीडारची दाट रांग वाऱ्याला आडवी उभी आहे आणि तिच्या मागे खोलीएवढी जागा जवळपास निवांत होती. काका म्हणाले, “पक्षी शोधू नका. चिलटं शोधा.”

चिलटं तिथेच होती. थंडीत किडे वरच्या फांद्यांवर टिकत नाहीत, आडोशाला, जमिनीलगत येतात, आणि त्यांच्यावर जगणारे पक्षीही त्यांच्यामागून खाली येतात. एरवी ओकच्या शेंड्यावर, मान दुखेपर्यंत पाहावे लागणारे वॉर्बलर त्या दिवशी आमच्या गुडघ्यांच्या उंचीवर होते. मॅग्नोलिया वॉर्बलर ओल्या गवतात उड्या मारत होता. ब्लॅक-थ्रोटेड ब्लू कुंपणाच्या तारेवर बसला होता, पिसं फुगवून. इतक्या जवळ की त्याच्या पंखावरचा पांढरा ठिपका दुर्बिणीशिवाय दिसत होता. संख्या थोडी होती. पण चांगल्या दिवशी यातला एकही पक्षी मी इतका नीट पाहिला नसता. हवा वाईट होती असं आम्ही दिवसभर म्हणत राहिलो. ती आमच्या यादीसाठी वाईट होती. पाहण्यासाठी वाईट होती असं मला म्हणवत नाही. पक्ष्यांसाठी मात्र ती खरोखरच जिवावरची होती. रात्रभर उडून आलेला दहा-बारा ग्रॅमचा जीव थंडीत उपाशी राहिला तर फार तग धरत नाही. म्हणून त्यांच्यापासून आम्ही अंतर राखून उभे होतो आणि कोणीही त्यांना उडवून लावेल असं पाऊल टाकत नव्हतं.

तिथेच मुलीने ब्लॅकपोल वॉर्बलर ऐकला.

ब्लॅकपोलचं गाणं म्हणजे एकाच सुरातली अतिशय बारीक टिपटिप, आधी हळू, मग मोठी, मग पुन्हा हळू. त्याची पट्टी इतकी उंच, आठ ते दहा किलोहर्ट्झच्या आसपास, की माणसाच्या वयाबरोबर सर्वांत आधी जे आवाज हरवतात त्यांतलाच हा एक. काकांना तो ऐकू येत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत येत असे. मला अजून येतो, पण वारा असला तर नाही. काकांनी एकदा मला सांगितलं होतं की आवाज गेला तेव्हा त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटत राहिलं की यंदा ब्लॅकपोल कमी आलेत.

मुलगी त्यांच्याजवळ गेली. तिला ठाऊक होतं की आवाजाची दिशा दाखवून उपयोग नाही. तिने हलक्या आवाजात, सावकाश सांगायला सुरुवात केली. सीडारच्या रांगेतलं डावीकडून तिसरं झाड, त्याच्यामागे वाळलेली चेरी, तिला घड्याळाची तबकडी समजा, दोनच्या काट्यावर जाणारी फांदी, ती जिथे दुभंगते तिथून हातभर आत. “तो गातोय आत्ता, काका. आता थांबला. आता पुन्हा.” काका दुर्बीण लावून तिच्या शब्दांमागून त्या फांदीवर चढत गेले. मग एकदम म्हणाले, “चोच उघडतोय.” काळी टोपी, पांढरे गाल, आणि उघडमीट करणारी चोच. त्यांना आवाज येत नव्हता, पण तो गातो आहे हे त्यांना दिसत होतं, आणि ती शेजारी उभी राहून तो केव्हा गातो ते सांगत होती. अलास्का-कॅनडाकडे निघालेला हा एवढासा पक्षी शरद ऋतूत परतताना अटलांटिकवरून न थांबता दोन-तीन दिवस उडत वेस्ट इंडीजपर्यंत जातो, हे २०१५ मध्ये पाठीवर बसवलेल्या नोंदयंत्रांनी सिद्ध झालं. आम्हा चौघांच्या समोर तो सीडारच्या आडोशाला चिलटं टिपत होता.

जरा वेळाने तिने कान टवकारले आणि म्हणाली, केप मे वॉर्बलर. याही पक्ष्याचा आवाज तसाच बारीक. मला वाऱ्याच्या फटीत त्याची चार-पाच सुयांसारखी अक्षरं ऐकू आली, एकदाच. काकांना नाही, बाईलाही नाही. आम्ही बराच वेळ शोधलं, तो काही दिसला नाही. या पक्ष्याला या गावाचं नाव मिळालं ते १८११ मध्ये इथे मिळालेल्या एका नमुन्यावरून, आणि त्यानंतर शतकाहून जास्त काळ तो इथे कोणी नोंदवलाच नव्हता. बाईने यादीत त्याच्यापुढे खूण न करता आम्हा दोघींची आद्याक्षरं लिहिली.

लिली लेकवर, दीपगृहाच्या जवळ, पाण्यालगत पाकोळ्या आणि भिंगऱ्या यांची झुंबड होती. आकाशात किडे नव्हते, म्हणून सगळ्या एका तळ्यावर आल्या होत्या. हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारांवर रांगा लावून बसते तीच भिंगरी इथे लाकडी कोठारांच्या वळचणीला घरटं करते. काकांनी तिच्याकडे फार वेळ पाहिलं. यादीत ती पहाटेच आली होती.

दुपारनंतर आम्ही डेलावेअरच्या उपसागराकडे, रीड्स बीचला गेलो, आणि इथे वाऱ्याने दुसरी बाजू दाखवली. केप मेचं द्वीपकल्प अटलांटिक आणि उपसागर यांच्या मधोमध आहे. ईशान्येच्या वाऱ्याने समुद्राची बाजू खवळली होती, पण उपसागराच्या या काठावर तोच वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहत होता. म्हणून इथे लाटाच नव्हत्या. आणि लाटा नसणं हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. मे-जूनमध्ये भरतीबरोबर हजारो हॉर्सशू क्रॅब, डायनोसॉरांच्याही कितीतरी आधीपासून पृथ्वीवर असलेले हे प्राणी, अंडी घालायला वाळूवर चढतात. लाटा मोठ्या असल्या तर ते येत नाहीत किंवा उलटे पडून मरतात. पश्चिमेचा वारा, ज्याने कोरडं आणि स्वच्छ आकाश मिळतं, तो या काठाला वाईट. आमची सकाळ ज्याने बिघडवली तोच वारा इथे राखणदार होऊन उभा होता.

सात मे ते सात जून या काळात हे किनारे माणसांना बंद असतात. ठरवून दिलेल्या जागेवरूनच पाहायचं. ओल्या वाळूवर टर्नस्टोन दगड उलटत होते, सँडर्लिंग पाण्याच्या रेषेबरोबर पुढेमागे धावत होते. दोघांचेही जातभाई कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसतात. आणि त्यांच्यामध्ये, विटकरी छातीचे, रेड नॉट. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकापासून, तिएरा देल फ्युएगोपासून, कॅनडाच्या आर्क्टिकपर्यंत सुमारे पंधरा हजार किलोमीटर जाणारे. मधल्या या मुक्कामात जेमतेम दोन आठवड्यांत त्यांना आपलं वजन जवळजवळ दुप्पट करायचं असतं, आणि ते होतं ते या खेकड्यांच्या हिरवट, बारीक अंड्यांवर. खेकडे मासेमारीच्या आमिषासाठी गाड्या भरभरून नेले गेले. त्यांच्या निळ्या रक्तापासून लशी आणि इंजेक्शनं जंतुविषमुक्त आहेत की नाहीत हे तपासलं जातं, त्यासाठीही ते पकडले जातात. १९८०च्या दशकात या उपसागरावर नव्वद हजारांच्या घरात रेड नॉट मोजले होते. २०२१ मध्ये सात हजारही भरले नाहीत. न्यू जर्सीने २००८ मध्ये खेकड्यांच्या पकडीवर बंदी घातली, आणि २०१४ मध्ये या उपजातीला केंद्र सरकारचं संरक्षण मिळालं. हे सगळं उशिरा झालं असं मला वाटतं, पण झालं नसतं तर आज पाहायला कोणी उरलं नसतं हेही तितकंच खरं.

यादीत रेड नॉट एका मिनिटात आला. पुढे जायला हवं होतं, दलदली आणि तळी अजून बाकी होती. पण काकांना एका पक्ष्याच्या पायावर नारिंगी पट्टी दिसली. अमेरिकेत पट्टी बांधतात ती हिरवी. नारिंगी म्हणजे अर्जेंटिना. १९९५ मध्ये अर्जेंटिनात पकडून पट्टी बांधलेला बी-९५ नावाचा एक नॉट २०१४ पर्यंत पुन्हा पुन्हा दिसत राहिला होता. तेवढ्या वर्षांत तो चंद्रापर्यंत जाऊन अर्ध्या वाटेवर परतण्याइतकं अंतर उडला असा लोकांनी हिशेब केला आणि त्याला मूनबर्ड म्हणू लागले. त्याचा प्रवास कळला तो असाच, कोणीतरी थांबून पट्टीवरची अक्षरं वाचली म्हणून.

वाऱ्याने स्कोप हलत होता. बाईने तिकाटण्याचे दोन पाय घट्ट धरले. मुलीने स्वतःचं जॅकेट काढून काकांच्या उजव्या बाजूला धरलं, आणि ती नुसत्या स्वेटरमध्ये कुडकुडत होती. मी वही घेऊन काकांच्या पायाशी बसले. पक्षी खात खात वळायचा, पट्टी दिसायची, पुन्हा वळायचा. काका एकेक अक्षर सांगत होते, खात्री नसेल तर “थांब अगं, लिहू नकोस” म्हणत होते. चांगला पाव तास गेला. त्या वेळात आम्ही आणखी दोन-तीन जाती नक्की मिळवल्या असत्या. कोणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. पूर्ण क्रमांक वहीत उतरला तेव्हा काकांनी डोळा पुसला, वाऱ्याने तो पाणावलाच होता, आणि मुलीला म्हणाले, “जॅकेट घाल आधी.”

संध्याकाळी धुकं इतकं उतरलं की नमी आयलंडवर पुलाच्या कठड्यापलीकडचं दिसेना. विलेटच्या हाका ऐकू येत होत्या, बगळे आकारावरून ओळखावे लागले. रात्री पुन्हा दलदलीच्या काठी उभे राहिलो आणि जे मिळेल ते ऐकत राहिलो. ती नोंद मी इथे करत नाही. थकल्यावर सगळ्याच रात्री सारख्या होतात.

बारा वाजायच्या आत यादी द्यायची असते. गाडीत दिवा लावून बाई एकेक नाव वाचत होती आणि आम्ही तिघं होय-नाही म्हणत होतो. या खेळात पंच नसतो. तुम्ही सांगाल ते खरं मानलं जातं, म्हणून हे वाचन सगळे गंभीरपणे करतात. एका धोबिणीसारख्या शेपटी हलवणाऱ्या पक्ष्यावर, लुईझियाना वॉटरथ्रशवर, मी ‘खात्री नाही’ म्हटलं आणि तो दुसऱ्याच वॉटरथ्रशच्या नावावर राहिला. चांगल्या वर्षाच्या मानाने आमचा आकडा बराच खाली होता. इतर टीम्सचंही तेच झालं असणार.

मग केप मे वॉर्बलर आला. दोघींनी ऐकलेला, दोघांना ऐकू न आलेला. पाच टक्क्यांच्या सवलतीत तो बसत होता, पण मुलगीच म्हणाली, काढून टाकूया. काकांना ऐकू आला नाही, दिसला नाही, तर तो टीमचा कसा?

काका मागच्या सीटवर आल्याच्या वडीचा कागद सोडत होते. ते तिला इंग्रजीत म्हणाले, “सकाळी तू म्हणालीस ब्लॅकपोल गातोय, आणि मी बघितलं तेव्हा त्याची चोच उघडी होती. तुझे कान मी तपासून पाहिलेत. लिही.” आणि माझ्याकडे वळून मराठीत, “हिला सांग, पुढच्या वर्षीही मी हिच्या शेजारीच उभा राहणार.”

मी सांगितलं. बाईने नाव लिहिलं, कागद पिशवीत घातला आणि गाडी सुरू केली. पोहोचायला दहा मिनिटं लागणार होती आणि आमच्याकडे वीस होती.